मरळ परत आली

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदली एकोडीच्या पलीकडच्या एका लहान गावात झाली. आमच्या घरातली नोकरी करणारी मी पहिलीच मुलगी. गावात शाळामास्तरीण म्हणून गेले आणि तलावाच्या पाळीला, मातीच्या बांधाला, लागून एक खोली भाड्याने घेतली. शेजारी मासे धरणाऱ्या ढिवर समाजातली एक म्हातारी एकटीच राहायची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाई.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "बाई, हा तलाव मुका झाला."

"काहून?"

"मरळ नाई, शिंगूर नाई, दाडक नाई. मंग पाखरं कायले येतीन?"

तिने सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी गावाने ठरवून तलावात बाहेरून आणलेलं रोहू-कतल्याचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं होतं. मरळ ते बीज खाऊन टाकील म्हणून त्याआधी मोहाची ढेप, माशांना विष ठरणारी पेंड, टाकून मरळ-शिंगूरसारखे जुने मासे मारले. रोहू वाढली, पण ती तलावात अंडी घालत नाही, दरवर्षी नवं बीज आणावं लागे. काठावर आपोआप उगवणारं देवधान, तो रानभात, आणि पाण्यातलं गवत गेलं. उरली ती कुठेही माजणारी बेशरमची झाडी आणि डास.

"माह्या माहेरी, पवनीकडं, अजून मरळ हाय," मावशी म्हणाली. "मले आनाची हाय. तुम्ही येता का संगं?"

मी हसले. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी खरंच तिच्यासोबत निघाले.

त्याआधी मात्र तिने मला कामाला लावलं. "घर नाई तर पाहुना कुठं राहील?" असं म्हणत तिने ढिवरवाड्यातल्या बाया गोळा केल्या. पाणी आटलं होतं. आठ दिवस आम्ही चिखलात उतरून बेशरम मुळासकट उपटली आणि शेजारच्या गावच्या बोडीतून, लहान तळ्यातून, आणलेलं गवत नि देवधानाची रोपं काठाने लावली. घरी मी कधी साधं वाफ्यातलं रोप लावलं नव्हतं. माझे पाय चिखलात रुतले की बाया हसून लोटपोट व्हायच्या, आणि दोघी मिळून मला ओढून काढायच्या.

माहेरी मावशीच्या भावाने जिवंत मरळ धरून दिल्या. लांबसडक, काळपट, सापासारख्या तोंडाच्या. सोबत थोडे शिंगूरही. "हे वरची हवा घेतेत," मावशीने समजावलं, "थोड्या पान्यात बी जगतेत." आम्ही ते पाणी भरायच्या दोन पितळी गुंडांत ठेवले, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि एस.टी.त बसलो. एक गुंड तिच्या मांडीवर, एक माझ्या.

लाखनीच्या अलीकडे रस्त्यात खड्डा आला. माझ्या गुंडाचं फडकं सुटलं आणि सगळ्यांत मोठी मरळ सळकन बाहेर पडली.

"साप! साप!" मागून कोणीतरी ओरडलं. लोक बाकांवर चढले. ड्रायव्हरने गाडी थांबवली.

"साप नाई होय, मरळ हाय!" मावशी गरजली. "पाय नोका देऊ कोनी! लेकुरवाळी होनार हाय ते!"

मग काय, अर्धी एस.टी. खाली वाकली. मरळ या बाकाखालून त्या बाकाखाली. शेवटी कंडक्टरनेच आपला रुमाल टाकून तिला धरलं.

"आजी, कढी कराची का हिची?" त्याने विचारलं.

"कढी नाई. तलावात सोडाची हाय. गावची मरळ मेली, म्हनून नवी नेऊन राहिलो."

कंडक्टरने आपल्या बाटलीतलं पाणी गुंडात ओतलं आणि म्हणाला, "मंग सांभाळून न्या."

मरळ सोडल्या त्या संध्याकाळी तलावात बीज सोडणाऱ्या मच्छीमार सोसायटीचे एक काका पाळीवर येऊन चिडले. "हे आमचं बीज खाईन!"

मावशी शांतपणे म्हणाली, "बारीक बीज नोका सोडू, बोटाएवढं झालं का सोडा. पोवून मरळीपासून पळता येते त्याले मंग." काका पुटपुटत गेले खरे, पण त्या वर्षापासून बोटुकलीच सोडू लागले. दोन पावसाळे मरळीला कोणी जाळं लावायचं नाही, हेही मावशीने सगळ्या ढिवरवाड्याकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या पावसाळ्यात, शाळा सुटायच्या बेताला, मावशी वर्गाच्या दारातच येऊन उभी राहिली. "बाई, चला!" पूर्ण वर्ग आमच्यामागे धावला. गवताजवळ पाण्यात तांबूस ठिपक्यांचा एक गोळा सरकत होता, शेकडो पिल्लांचा. खाली मरळीची जोडी पहारा देत होती. मावशी गुडघाभर पाण्यात उभी राहून नुसती हसत होती आणि डोळे पुसत होती. पोरांना मी पुढच्या दिवशीची सुट्टीच देऊन टाकली, आणि त्याबद्दल हेडमास्तरांची बोलणी आनंदाने खाल्ली.

देवधान पिकलं तशी पाखरं आली. आधी बगळे, मग लांब बोटांचे कमळपक्षी पाण्यावरच्या पानांवरून चालताना दिसले. हिवाळ्यात बदकांचा थवा उतरला, तेव्हा सोसायटीचे तेच काका नातीला खांद्यावर घेऊन पाळीवर उभे होते आणि तिला मोठ्याने एकेक पाखराचं नाव सांगत होते. निम्मी नावं चुकीची होती. मावशी बाजूला बसून जाळं विणत एकेक दुरुस्त करत होती.