व्हर्लीन टिब्जचं मत

व्हर्लीन टिब्ज आणि मी एकोणीस वर्षं एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात राबलो. ती मॅकरोनीचे ट्रे लावायची, मी भांडी विसळायचे. हसरी, बोलकी, पण मुळातच भित्री बाई. लिफ्टमध्ये पाय ठेवायची नाही, कुत्रा दिसला की रस्ता ओलांडायची. अशी बाई पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात गेलीच कशी, याचं आमच्या गल्लीत सगळ्यांना नवल. खरं सांगायचं तर आमच्या चर्चच्या पाद्रीबाईंनी तिचं नाव सुचवलं, नगरपरिषदेनं ते मंजूर केलं, आणि नाही म्हणायचीही तिला भीती वाटली.

मंडळात सात माणसं, सगळी आमच्यासारखीच. कुणी पोलिसाविरुद्ध तक्रार केली की कागद वाचायचे, पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहायचं आणि पोलीसप्रमुखांना शिफारस करायची. त्यांनी ती मानलीच पाहिजे असं नाही, पण साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं.

पहिलं वर्ष किरकोळ तक्रारींत गेलं. मग डेल्मर प्रुइटचं प्रकरण आलं. बसथांब्यावर उभ्या असलेल्या या पन्नाशीच्या माणसाला केंप नावाच्या पोलिसानं जमिनीवर पाडलं, त्यात त्याचं मनगट मोडलं. तक्रार थांब्यावरच्या एका अनोळखी बाईनं केली होती; प्रुइटचा स्वतःचा जबाब कुणी घेतलाच नव्हता. केंपनं अहवालात लिहिलं होतं, ‘बाजूला हो असं तीनदा बजावूनही ऐकलं नाही, उलट हात उगारला.’ प्रकरण मंडळापुढे येणार अशी बातमी पेपरात छापून आली, आणि खाली सातही जणांची नावं.

त्याच आठवड्यात व्हर्लीनच्या घरासमोर गस्तीची गाडी उभी राहायला लागली. दुपारी चारला यायची, पाचला जायची. कुणी उतरायचं नाही.

“असेल त्यांची नेहमीची जागा,” मी म्हटलं.

“बावीस वर्षं राहतेय मी तिथे, बर्निस. एकदा तरी दिसली नसती?”

तिचा नवरा ऑर्विल आधी थट्टा करायचा. “कॉफी नेऊन देऊ का गं त्यांना? बसून बसून कंटाळले असतील बिचारे.” पण तीनचार दिवसांत तोही ओसरीवर बसायचा बंद झाला. पडदे दिवसाढवळ्या ओढलेले. व्हर्लीनच्या हातून ट्रे निसटायला लागले.

एका दुपारी ती मला घरी सोडत होती. मागून निळे दिवे चमकले. तिनं गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात चाकावर ठेवले. एक तरुण पोलीस खिडकीशी आला. लायसन्स मागायच्या आधीच म्हणाला,

“काय मिसेस टिब्ज, आज लवकर सुटलात?”

व्हर्लीननं लायसन्स पुढे केलं.

“मागचा दिवा लागत नाहीये तुमचा.”

“परवाच... परवाच बघून घेतलाय, साहेब.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“नाही, साहेब.”

तो बराच वेळ वाकून आमच्याकडे बघत राहिला. मग छपरावर दोनदा थाप मारली. “सांभाळून जा. दिवस चांगले नाहीत.”

तो गेल्यावर मी उतरून पाहिलं. दोन्ही दिवे लख्ख लागत होते. परत आत बसले तर व्हर्लीनला किल्ली फिरवता येत नव्हती. तिचा झगा मांडीवर ओला झाला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तिनं मंडळाच्या संचालिका ल्युसिंडा ग्रेव्हज यांना फोन लावला. मी शेजारीच होते.

“मला मोकळं करा, बाई.”

“काय घडलं ते लिहून द्या, मी चौकशी लावते.”

“लिहून दिलं तर त्यांना कळेल मी घाबरले म्हणून.”

“ते त्यांना कळलेलंच आहे, व्हर्लीन. राजीनामा द्यायचा तर खुशाल द्या. पण गुरुवारी दोघं बाहेरगावी आहेत, एक जण आजारी आहे. चार माणसं नसली तर बैठकच होणार नाही. तेवढी पार पडू द्या.”

म्हणून ती गेली. फक्त डोकी पुरी करायला. मी सोबत गेले. सभागृहात एका भिंतीशी गणवेशातले दहाबारा पोलीस हाताची घडी घालून उभे. शेवटच्या रांगेत डेल्मर प्रुइट, हात प्लास्टरमध्ये.

पडद्यावर चित्रण लागलं. केंप ओरडतोय, प्रुइटचा हात वर जातोय, मग धडपड. मंडळातले बाकीचे तिघे कागदांवर काहीतरी खरडायला लागले. व्हर्लीन पुटपुटली, “परत लावा.”

“मोठ्यानं बोला,” भिंतीकडून कुणीतरी म्हणालं.

तिची मान खांद्यात गेली. तरी ती म्हणाली, “परत लावा. हळू.”

हळू लावल्यावर सगळ्यांना दिसलं. प्रुइट हात उगारत नव्हता. तो बोटानं स्वतःचा कान दाखवत होता. एकदा, आणि पुन्हा एकदा.

“माझे वडील गिरणीत काम करून बहिरे झाले होते,” व्हर्लीन म्हणाली. आवाज इतका कापत होता की ध्वनिक्षेपक खरखरला. “ते दुकानात असंच करायचे. या माणसाला ऐकू येत नाही. तो तेच सांगतोय.”

मत घेतलं. केंपला वीस दिवसांसाठी निलंबित करावं, तीन विरुद्ध एक. आपलं मत देताना व्हर्लीननं तोंड मागच्या रांगेकडे वळवलं, प्रुइटला ओठ दिसावेत म्हणून, आणि सावकाश म्हणाली, “हो.” प्रुइटनं मान हलवली. घरी जाताना ती रस्त्यात दोनदा गाडी थांबवून ओकली.

प्रमुखांचं उत्तर एकोणसाठाव्या दिवशी आलं. निलंबन मान्य, पण दहाच दिवसांचं. प्रुइटच्या बहिणीनं वकील केला, ते पुढे चालू आहे. व्हर्लीननं दिव्याचा प्रसंगही अखेर लिहून दिला. चौकशी झाली, ‘पुरावा अपुरा’ असं ठरलं. घरासमोरची गाडी आणखी दोन आठवडे येत राहिली, मग बंद झाली.

राजीनामा तिनं दिलेला नाही. पडदे मात्र अजून ओढलेलेच असतात, आणि बैठकीच्या दिवशी ती सकाळपासून काही खात नाही.