पुढच्या खोलीत स्पीकर नाही

माझे सासरे कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात शिरताना आधी दारातच थांबायचे आणि डोळे मिटायचे. आत चोवीस लूम एकदम धडधडत असायचे. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागायचं. सासरे मात्र तिथल्या तिथे उभं राहून सांगायचे, "वो कोनेवाला बंद कर, उसका धोटा अटकेगा." कारीगर लूम थांबवून बघायचा, तर आडवा धागा नेणाऱ्या त्या धोट्याचं टोक खरंच सैल झालेलं असायचं. नारपोलीत त्यांचं पाळण्यातलं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना 'कानवाले मास्टर' म्हणायचे, आणि पुढे आम्ही घरातलेही त्यांच्यामागे मास्टरच म्हणू लागलो.

मी कल्याणची, शाळेत शिकवणारी, हळू बोलणाऱ्या घरातली. लग्न होऊन कोन गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी "चहा झाला का?" असा सासऱ्यांचा दणदणीत आवाज आला. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मला वाटलं, पहिल्याच सकाळी काहीतरी चुकलं. मी डोळ्यांना पदर लावलेला पाहून सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "रागावले न्हाईत गो. लूमनं घसा तसा केलाय त्यांचा." मास्टरांना हे मुळीच पटायचं नाही. "मी कंदी ओरडलो?" असं ते इतक्या मोठ्याने विचारायचे की शेजारीण खिडकीत यायची.

सासूबाईंची नजर काचबिंदूने गेली. एक डोळा आधी, दुसरा दीड वर्षाने. ज्या बाईने तीस वर्षं स्वयंपाकघरात दुसऱ्या कोणाला डबासुद्धा हलवू दिला नव्हता, ती उंबऱ्याला अडखळून पडली आणि महिन्याभरात तिचा हात गॅसवर भाजला. मी हात धरायला गेले की झटकायच्या. "धरू नको. मी काय बाजारातली म्हैस हाय?" मग त्यांनी चालणंच सोडलं. दिवसभर झोपायच्या खोलीत खाटेवर बसून राहायच्या. पाणी हवं असलं तरी मागायच्या नाहीत, कोणी आणून देईल याची वाट बघायच्या. मास्टरांनी तेव्हा कामावर जाणं बंद केलं. ते दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत राहायचे. बंद पडलेल्या लूमसमोरही मी त्यांना इतका वेळ गप्प उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवाळीत माझ्या नवऱ्याने चार स्पीकर आणले. वायर नाही, काही नाही, फोनवरून चालणारे. त्याने पुढची खोली सोडून सगळीकडे एकेक ठेवला, फोनवर बोट टेकवलं आणि सगळ्या घरात एकच गाणं सुरू झालं. "आईला कुठेही बसून गाणी ऐकता येतील," तो म्हणाला. त्याची छाती अभिमानाने फुगली होती. मास्टर सगळ्या खोल्यांमधून एक फेरी मारून आले आणि त्यांनी विचारलं, "सगळीकडं एकच? मग कुठली खोली, ते कसं कळणार?"

नवऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला यंत्र कळलं नाही. खरं तर यंत्र कळलं होतं ते फक्त मास्टरांना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, कारण पोरापेक्षा सुनेला धीर जास्त असा त्यांचा समज होता. "हे चारी डबे चार वेगळी गाणी म्हणतात का?" मी फोन चाळून बघितला. म्हणत होते. "मग बग," ते म्हणाले, "चोवीस लूममधी मला डोळे मिटून कळायचं, मी कुठं हाय. कसं? आवाजानं. तसंच तिला घर कळंल."

झोपायच्या खोलीत तंबोरा लावला. न्हाणीघराच्या बोळात बासरी. स्वयंपाकघरात गावच्या भजनी मंडळाचं भजन. मागच्या पडवीत काय लावायचं यावर दोन दिवस खल झाला आणि शेवटी माझ्याच लग्नातले धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, लावले. मांडवात म्हातारी धवलारीण गायली होती आणि माझ्या दिराने ते फोनवर घेतलं होतं. त्यात मध्येच मास्टरांचा आवाज येतो, "भात आणा रे, पाव्हणं बसल्यात!" मी म्हटलं, तेवढं काढून टाकू या. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "राहू दे. तेवढंच बरं हाय त्यात."

पुढच्या खोलीसाठी पाचवा स्पीकर आणू का, असं नवऱ्याने विचारलं. मास्टरांनी मान हलवली. "तिथं मी हाय ना." ते त्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसायचे, हातात लूमचे नट आवळायचा जुना पाना असायचा आणि तो खुर्चीच्या हातावर हलकेच वाजत राहायचा. खट खट, जरा थांबून पुन्हा खट खट. त्या खोलीला तेवढी खूण पुरेशी होती.

सासूबाईंना चालवण्याआधी मास्टरांनी स्वतः चालून बघायचं ठरवलं. डोळ्यांवर पंचा बांधला आणि निघाले. बोळात कपाटावर आदळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराऐवजी न्हाणीघरात शिरले आणि बादलीत पाय घातला. रोज कपाटाला शिव्या. मी हसत होते, आणि हसता हसताच मला एक शंका आली. मी त्यांच्या मागे उभी राहून "बाबा, डावीकडे" म्हणाले. ते उजवीकडेच गेले.

पंचा सोडून ते खुर्चीत बसले. आवाज कमीजास्त करायला सांगताना ते प्रत्येक स्पीकरवर तळवा ठेवून "बरोबर हाय" का म्हणायचे, ते मला तेव्हा उमगलं. चाळीस वर्षं लूममध्ये उभ्या राहिलेल्या त्या कानांत आता फार थोडं शिल्लक होतं. त्यांनी पंचा माझ्या हातात दिला. "तू चाल. तुझे कान कोरे हाईत. आन् तिला सांगू नको." त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जेवढी माया वाटली, तेवढी माझ्या वडिलांबद्दलही कधी वाटली नव्हती. मी आठ दिवस पंचा बांधून घरभर फिरले. कुठे बासरी जास्त होतेय, कुठे भजन बोळापर्यंत पोचत नाही, ते मी सांगायचे, आणि ते तळव्याने तपासायचे.

मग एका सकाळी सासूबाई उठल्या. तंबोरा पाठीमागे ठेवून बासरीकडे आल्या. बासरी आणि भजन सारखंच ऐकू येऊ लागलं तिथे थांबल्या, डावीकडे वळल्या आणि स्वयंपाकघरात पोचल्या. ओट्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "मिठाचा डबा कोणी हलवला?" मला बोलणी बसली आणि मला रडू आलं. मास्टर दारातच होते. त्यांना शब्द ऐकू गेले नसणार, पण बायकोचा चेहरा वाचायला त्यांना कान लागत नव्हते.

त्यानंतरची चार वर्षं आमच्या घरात चार गाणी एकदम वाजत होती. पाहुणे दारात दचकायचे. एक जण म्हणाला, "लगीन हाय की वरात चुकली?" घरात इन्व्हर्टर आला तो आधी स्पीकरसाठी, मग पंख्यांसाठी. इन्व्हर्टरही दमला की मास्टर बोळात जाऊन भिंतीवर पाना वाजवायचे आणि सासूबाई त्या आवाजावर चालत यायच्या. मास्टरांच्या कानांचं मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. एकदा भाजी निवडताना त्या आपणहून म्हणाल्या, "तीन हाका मारल्यावर ओ देतोय माणूस, मला काय कळत न्हाय? पर त्यांना सांगू नको, मला म्हाईत हाय म्हणून."

मास्टर गेले ते त्या खुर्चीतच. सकाळची आंघोळ झाली होती, चहा अर्धा राहिला होता. पाना खाली पडल्याचा आवाज सासूबाईंनी स्वयंपाकघरात ऐकला आणि आमच्या कोणाच्याही आधी त्या पुढच्या खोलीत पोचल्या.

घर माणसांनी भरलं. अकलोलीहून आत्याबाई, म्हणजे मास्टरांची थोरली बहीण, आल्या. बाई करारी. भावाच्या पायांवर डोकं टेकवून रडल्या, मग पदर खोचून सगळं हाती घेतलं. पहिलं वाक्य त्या म्हणाल्या, "ती गाणी बंद करा. घरात मयत हाय." यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही, हे लिहिताना मला आजही लाज वाटते. सुतकात गाणी वाजत नाहीत, हे आम्हाला शिकवावं लागत नाही. नवऱ्याने फोनवर बोट टेकवलं आणि सगळं घर गप्प झालं.

पहिले दोन दिवस सासूबाईंभोवती बायका होत्या. उठवायला एक, बसवायला एक. त्या कोणाचाही हात झटकत नव्हत्या. आम्हाला वाटलं, दुःखाने असेल. तिसऱ्या दिवशी अस्थींसाठी पुरुष गेले, बायका पांगल्या. दुपारी मी कपडे वाळत घालून आले, तर सासूबाई बोळाच्या मधोमध उभ्या होत्या. एका हातात तेलाची वाटी, दुसरा हात हवेत. भिंत वीतभर अंतरावर होती, पण ती त्यांना सापडत नव्हती. वाटीतलं तेल पायांवर सांडलं होतं.

मास्टरांच्या खुर्चीपाशी दिवा ठेवला होता. तो दहाव्यापर्यंत विझू द्यायचा नसतो. त्यात तेल घालायला त्या निघाल्या होत्या.

माझी चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "घर कुठं गेलं गो?"

मी फोन काढला. दोनदा चुकीच्या जागी बोट लागलं. मग तंबोरा सुरू झाला. बासरी. भजन. पडवीतले धवले. आत्याबाई धावतच आल्या. "अगो, सुतकात गाणी? लोक तोंडात शेण घालतील!"

"वन्सं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ही गाणी न्हाईत. ही त्यांनी मला घालून दिलेली वाट हाय."

आत्याबाई काही बोलणार, एवढ्यात पडवीतून मास्टरांचा आवाज आला, "भात आणा रे, पाव्हणं बसल्यात!"

आत्याबाई पडवीच्या दाराशी गेल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. धवलारीण गात राहिली. मग आत्याबाई पदराने नाक पुसत मला म्हणाल्या, "तो मागचा जरा मोठा कर."

मी वाटी पुन्हा भरून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांना धरलं नाही. त्या बासरीतून निघाल्या, एकेक आवाज मागे टाकत पुढच्या खोलीत गेल्या, खुर्चीपाशी वाकल्या आणि ज्योतीची ऊब हाताला लागताच थांबून थेंबही न सांडता तेल घातलं.

दहावा, बारावा झाला. आत्याबाई अकलोलीला परतल्या. मी आता रोज शाळेत जाण्याआधी चारही स्पीकरवर तळवा ठेवून बघते. मला नीट ऐकू येतं, तरी ठेवते. एकदा मी सासूबाईंना विचारलं, "आई, पुढच्या खोलीतही एक लावू का? तिथं आता काहीच वाजत नाही."

"नको," त्या म्हणाल्या. "जिथं काही वाजत न्हाय, तिथं ते बसल्यात. मला बरोबर कळतं."