झिऱ्यावरचा उतार

आमच्या सुरगाण्याकडच्या पाड्यावर पाणी म्हणजे एक झिरा. डोंगराच्या पायथ्याशी खडकातून झिरपायचा, त्यावर अख्खा पाडा जगायचा. आणि झिरा जगायचा तो वरच्या उतारावरच्या गवतावर. ते गवत दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीपर्यंत कोणी कापायचं नाही, गुरंही सोडायची नाहीत. वाघदेवापुढे नारळ फुटला की मगच विळे बाहेर. हा नेम मोडायची कोणाची छाती नव्हती.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही बाया द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे गेलेलो. शिमग्याला परतलो तर उतार देवी आलेल्या तोंडासारखा, खड्डेच खड्डे. कळलं, जीपमधून साहेब आला, कमरेएवढ्या गवताकडे बघून म्हणाला, हे पडीक आहे. माझा धाकटा दीर तेव्हा वनसमितीचा अध्यक्ष, त्याने मान डोलावली. बायांना विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. पाणी भरतो आम्ही, आणि मान डोलावतात हे.

पावसात निलगिरी लावली. भराभर वाढली मेली.

"वहिनी, बघा डोंगर कसा हिरवागार झालाय," दीर म्हणायचा.

"वर काय बघताय भाऊजी, खाली बघा. हंडा भरतोय का?"

झाडांखालचं गवत मेलं, माती उघडी पडली. पाऊस आला की लाल पाणी धावत ओढ्याला जायचं, मुरायचं नाव नाही. झिरा पहिल्यांदा चैत्रात आटला, पुढे माघातच आटायला लागला. मग हंडे घेऊन पलीकडच्या पाड्यावर. तिथल्या बाया सोडतात होय? "तुमच्याकडं तर साहेबाचं जंगल हाय. पाणी आमचं कशाला?" मान खाली घालून भरायचं.

काही वर्षांनी झाडं तोडून ट्रकात भरून नेली. वाटलं, सुटलो. कुठलं काय. एकेका बुंध्याला चार-चार फोक फुटले. मग सरपणाला जाईल ती बाई फोक मोडून यायची. असे कितीतरी पावसाळे गेले, तेव्हा कुठे गवत परत दिसायला लागलं.

तेवढ्यात दुसरा साहेब. तरुण, गोड बोलणारा. म्हणाला, आधी चूक झाली, आता देशी झाडं लावून डोंगर पहिल्यासारखा करू. खड्डे कुठे, तर त्याच उतारावर. माझं डोकंच फिरलं. बायांना घेऊन गवतात जाऊन बसले.

"आजी, या वेळी चांगली झाडं आहेत. वड, जांभूळ."

"लावा की साहेब. रस्त्याच्या कडेला ऊन लय हाय, तिथं लावा. इथं कुदळ लागायची नाय."

"अहो, पण इथे नुसतं गवत आहे."

"ते नुसतं गवत उगवायला आमची कंबर मोडली."

दीर मध्ये पडला. "वहिनी, फुकट देतायत."

"फुकट दिला तर विंचू खिशात घालाल का भाऊजी?"

बाया फिदीफिदी हसल्या. दीर तोंड पाडून निघून गेला, तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. साहेबाने म्हणे कागदावर लिहिलं, गाव सहकार्य करत नाही. लिहू दे.

झिरा आता शिमग्यापर्यंत टिकतो. पूर्वी मृग लागेपर्यंत टिकायचा. मधल्या महिन्यांत माझ्या सुना जातात पलीकडच्या पाड्यावर, तीच ती बोलणी ऐकत. परवा धाकटीने हंडा उतरवला आणि विचारलं, "आई, अजून किती पावसाळे?" मी तिचा हंडा घेतला आणि रांजणात ओतला.