कुंचीचा शेवटचा टाका

मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर जर्मलचं मोठं पातेलं, त्यात सोडा घालून उकळत ठेवलेली जुनी धोतरं आणि विरलेली लुगडी, आणि कडेकडेनं वर येणारा तो करडा, चिकट फेस... बालपण आठवायला बसलं की लोकांना मोगऱ्याचा, बकुळीचा वास येतो. मला या पातेल्याचा येतो. घाम, तंबाखू, गुरांचं शेण, कुणाच्या आजारपणात अंगाला चोळलेलं तेल – वर्षानुवर्षं कापडात मुरलेलं सगळं त्या पाण्यात सुटायचं, आणि माझी शकूआत्या नाकाला पदर न लावता लाकडी दांड्यानं ते खुशाल ढवळत बसायची. मी ओट्यावर उभी राहून ओकाऱ्या काढायची. मला पहिल्यापासून किळसच फार.

नव्या बाळाच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, ते टोचतं आणि शिवाय दृष्ट लागते, म्हणून बाळंतविड्यातले पहिले कपडे धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या जुनेराचेच हवेत, असा आमच्याकडचा रिवाज. त्यातही ते जुनेर भरल्या घरात आयुष्य काढलेल्या माणसाचं असलं तर उत्तम. म्हणून गल्लीत कुणाच्या लेकीला दिवस गेले की जुन्या कपड्यांचं गाठोडं आमच्या दारात येऊन पडायचं. त्यातून झबली व्हायची, टोपडी व्हायची, लंगोट आणि दुपटी व्हायची, आणि सर्वांत शेवटी कुंची.

शकूआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. कोपरगावाकडे, उसाच्या पट्ट्यात तिला दिली, तेव्हा आमच्या शेवगावच्या कोरड्या भागातल्या बायकांना तिचा हेवा वाटला होता म्हणे. पण मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली, आणि एके दिवशी एक पेटी आणि शिलाई मशीन घेऊन ती टेम्पोतून आमच्या दारात उतरली. 'आलीस का?' एवढंच वडील म्हणाले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घरात ती राहिली ती कायमचीच. मशीन तिनं कोपऱ्यात लावलं. पण बाळाचं काही शिवायचं तर ते हातानंच, मशीनची टीप कोवळ्या अंगाला बोचते, असा तिचा हट्ट होता.

दिवाळी उलटली की गावात कापसाचा हंगाम सुरू व्हायचा. गाड्यांमधून उडालेला कापूस बाभळींना, तारांना, आमच्या खिडकीच्या गजांना लटकायचा, जिनिंगच्या कारखान्याकडून सरकीचा उग्र, तेलकट वास यायचा, आणि उन्हं मधल्या खोलीत उतरली की आत्याभोवती आम्ही सगळ्या बसायचो. आई जुनेर फाडायची – तो चर्रर्र आवाज अजून माझ्या दातांत शिरतो. थोरली ताई रेशमाचे गोंडे वळायची. माझ्याकडे सुईत दोरा ओवायचं काम, आणि तेच मला सर्वांत नकोसं, कारण आत्या दोऱ्याचं टोक आधी तोंडात धरून ओलं करायची आणि मग माझ्या हातात द्यायची. ओलं, कोमट आणि मशेरीचा वास मारणारं ते टोक मी चिमटीत धरायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. तिची सुया खोचायची उशी तर त्याहून वाईट. विंचरताना निघालेले घरातल्या सगळ्या बायकांचे केस साठवून ती त्या उशीत भरायची. केसांच्या तेलानं सुया गंजत नाहीत म्हणे. एकदा ती उशी उसवली, आतून मेलेल्या उंदरासारखा काळा, तेलकट गुंता बाहेर आला, आणि त्या रात्री मी जेवले नाही.

...आणि या सगळ्या घाणीतून कुंची तयार व्हायची. बाहेरून खण, आतून त्याच उकळलेल्या धोतराचं शुभ्र अस्तर, कपाळावर जरीचा बारीक काठ, मानेमागे नाजूक चुण्या आणि पाठीवर रुळणारा घोळ. हातात घेतली तर वजन म्हणून नाही. इतकी निर्मळ, इतकी सात्त्विक वस्तू आपल्या त्या कळकट खोलीत जन्माला येते यावर विश्वास बसायचा नाही. आत्याला मापाची टेप लागत नसे. ती दोन मुठी एकाला एक लावून त्यावर कापड धरायची आणि म्हणायची, "नव्या लेकराचं डोकं एवढंच असतंय." तुला गं कसं ठाऊक, असं मी एकदा विचारलं, तेव्हा आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला.

पण कुंचीचा पहिला टाका आत्या घालत नसे, आणि शेवटचाही नाही. ते लेकुरवाळीच्या हाताचं काम. आई किंवा शेजारची एखादी काकू येऊन पहिला टाका घालायची. मग आत्या सुई घ्यायची, दिवसचे दिवस मान मोडून शिवत राहायची, आणि बोटभर शिलाई उरली की सुई कापडात खोचून हात मांडीवर ठेवून बसायची. आई स्वयंपाकघरातून ओले हात पुसत यायची, कसेबसे चार टाके घालायची, गाठ मारायची. झाली कुंची! मला वाटायचं, तो शेवटचा टाका भलताच अवघड असावा, आणि आत्याला तेवढा एकच येत नसावा.

तो का घालायचा नाही, हे मला ताईच्या पहिल्या बाळंतपणात कळलं. ताई आत्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. तिच्या बाळासाठी आईनं आपल्या लग्नातल्या शालूचा तुकडा काढून दिला होता, लालभडक, जरीच्या बुट्ट्यांचा. आत्या त्या कुंचीवर असा जीव लावून बसली की तिला जेवायला हाका माराव्या लागायच्या. एका दुपारी आई दळण आणायला गेली होती, मी आत्याच्या शेजारी पालथी पडून चिंध्या निवडत होते, आणि आत्या काहीतरी गुणगुणत शिवत होती... शिवत होती, आणि शिवता शिवता टोकापर्यंत पोचली, गाठ मारली, वाकून दातांनी दोरा तोडला. कुंची उचलून तिनं आपल्या मुठींवर घातली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे हसू होतं, तसं मी तिच्या तोंडावर परत कधी पाहिलं नाही.

"वन्सं..." आई दारात उभी होती, डोक्यावर पिठाचा डबा. "पुरी केली तुमी?"

आत्यानं कुंचीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "ध्यान न्हाई ऱ्हायलं, वैनी."

"गाठबी मारली?"

"मारली."

आई ओरडली नाही. डबा खाली ठेवला, वडिलांच्या दाढीच्या सामानातलं ब्लेड घेऊन आली आणि आत्यासमोर बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "मनात काय आनू नका, वन्सं. पोरीचं पैलंच लेकरू हाय."

"न्हाई, न्हाई. उसवा तुमी. मी धरते," आत्या म्हणाली. आणि आईला ब्लेड चालवायला सोपं जावं म्हणून तिनं आपल्याच हातांनी ती शिलाई ताणून धरली.

टच, टच, टच... एकेक टाका तुटत होता. पातेल्यातल्या फेसाचीही मला इतकी शिसारी आली नव्हती. लाल दोरा संपला होता, म्हणून आईनं पांढऱ्या दोऱ्यानं ती जागा शिवली. वेडेवाकडे, जाड, आंधळ्यानं घातल्यासारखे टाके. आत्यानं ते पाहिले आणि तोंड फिरवलं. चांगलं शिवणाऱ्या माणसाला वाईट शिलाईचा किती त्रास होतो, हे शिवणाऱ्यालाच कळेल.

बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी बायकांची ही गर्दी. आत्याला कुणी 'बाहेर येऊ नको' म्हटलं नव्हतं. तीच आपण होऊन मागच्या चुलीवर घुगऱ्यांचं पातेलं सांभाळत बसली होती. ताईच्या सासूबाईंनी कुंची उलटून पालटून पाहिली.

"काय हात हाय, विहीनबाई! कुनी शिवली?"

"मीच," आई म्हणाली.

"आन् मानंपाशी ही अशी घान कुनी केली?"

आईनं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही धाकटी लुडबुडली मदीच."

बायका हसल्या. कुणीतरी माझा गालगुच्चा घेतला, त्या बोटांना केळ्याचा चिकट वास होता. मी ताईकडे पाहिलं. तिला सारं ठाऊक होतं आणि ती पाळण्याची दोरी धरून खाली बघत होती. मागे घुगऱ्यांच्या पातेल्यातला डाव थांबला होता... मग पुन्हा फिरू लागला.

माझी आई वाईट बाई नव्हती. तव्यावरची पहिली भाकरी ती आत्याच्या ताटात वाढायची, आजारपणात तिचे पाय चेपायची. हे असं प्रेमानं, डोळे पुसत, मनात काही आणू नका म्हणत चालतं म्हणूनच मला त्याचा जास्त तिटकारा आहे. उघड दुष्टपणा असता तर निदान भांडता आलं असतं. आणि तेच हात बाळाचे घाण लंगोट धुवायला चालत होते! ताईच्या बाळाचा गू-मूत सगळा आत्यानं काढला. त्याला कुणी लेकुरवाळी शोधायला गेलं नाही.

आई गेली. ताईची मुलं मोठी झाली. मी नगरला नोकरीला लागले, तिथंच लग्न केलं, आणि उशिरा, फार वाट पाहून, मला दिवस गेले. ऑफिसातल्या मैत्रिणींनी बाळंतविड्याचा तयार संच मागवून दिला: चकचकीत खोका, आत पॉलिस्टरची कुंची, कानाला कचकच टोचणारी नायलॉनची लेस, आणि 'मायेनं हातानं शिवलेलं' असं छापलेलं एक कार्ड. खोका उघडला तसा प्लॅस्टिकचा भपकारा आला. असल्या मायेचा मला वीट आहे. मी तो खोका माळ्यावर टाकला आणि बाळंतपणाला शेवगावला गेले, आमच्याच जुन्या घरी, जिथं आता भाऊ राहतो... म्हणजे आत्याकडे.

"कुंची तू शिवायचीस," मी म्हणाले. "पहिला टाका तुझा आणि शेवटचाही तुझा. मी सुईला हात लावणार नाही."

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचे डोळे जाड भिंगाआड मोठे दिसतात. ते तिनं माझ्यावर रोखले. "येडी का खुळी तू? ह्ये तुला मोबाईलवर शिकिवलं का?"

"नाही शिवलीस तर बाळ उघड्या डोक्यानं राहील."

तिनं पुष्कळ नाही-नाही केलं. चिडली, माझ्याशी बोलेना. मीही हट्टाला पेटले होते. इतक्या वर्षांची मळमळ मला एकदाची काढून टाकायची होती. शेवटी तिनं आईचं एक मऊ पातळ उकळलं, माझ्याकडे पाठ करून बसली आणि टाका घातला. ती शिवत असताना मी जाता-येता पाहायची: टाका तोच, मुंगीच्या पावलाचा, पण ओठ सारखे हलत होते. गाणं म्हणतेय, असं मला वाटलं.

मला मुलगी झाली. बारसं ऐन थंडीत आलं, बायका शाली पांघरून बसल्या होत्या. माझ्या सासूबाई शिकलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या; त्यांनी कुंचीतल्या नातीचे भराभर फोटो काढले. "अगबाई, किती सुबक! कुणी शिवली गं?"

"हिनंच," आत्या लगबगीनं म्हणाली.

"नाही," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आत्यानं शिवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

कुणीतरी बांगड्या मागं सारल्या. सासूबाई हसल्या, छान, छान म्हणाल्या, आणि जरा वेळानं पाळण्यावर वाकून बाळाच्या हनुवटीखालची नाडी सोडू लागल्या. "उकडत असेल गं तिला." त्यांच्या स्वतःच्या अंगावर लोकरीचा स्वेटर होता.

मी कुंची त्यांच्या हातून घेतली आणि बाळाला परत घातली. नाडीला या वेळी दुहेरी गाठ मारली. मनात म्हटलं, जिंकले. वळून पाहिलं तर आत्या भिंतीला टेकून उभी होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सव्वा महिन्यानं मी नगरला परतले आणि तिचे फोन सुरू झाले. ज्या आत्यानं आयुष्यात आपण होऊन कुणाला फोन केला नाही, ती रोज सकाळी, बाळ उठायच्या आत, माझ्या भावाकडून नंबर लावून घ्यायची. "पोरगी बरी हाय ना? ताप न्हाई ना? दूद पिती ना?" बाळाला एकदा सर्दी झाली तेव्हा तिनं दिवसभरात इतके फोन केले की मी वैतागून म्हणाले, "अगं आत्या, सगळ्यांच्या पोरांना होते सर्दी!" मग ती म्हणाली, "सगळ्यांच्या पोरास्नी व्हती गं. पन तिची कुंची म्या शिवलीया." तेव्हा कुठं मला उमगलं, की शिवताना तिचे ओठ गाण्यासाठी हलत नव्हते. माझ्या मुलीचं उद्या काही बरंवाईट झालं असतं तर बोट कुणाकडे गेलं असतं, हे भर बारशात मीच ओरडून सांगून ठेवलं होतं.

कपड्याला नावं ठेवता येतात, माणसांना ठेवता येतात. पण जी घाण एखाद्या बाईच्या आत, तिच्या स्वतःच्या हातांविषयी, इतकी खोल मुरली आहे, ती कुठल्या सोड्यात उकळून काढायची? मला त्याचा संताप येतो, आणि संतापाहून जास्त ओकारी येते.

थंडी सरली, उन्हाळा लागला. एका सकाळी नेहमीसारखा फोन आला. बाळ छान आहे, दोन दात आलेत, असं मी सांगितलं. "आणि आत्या, कुंची आता डोक्यात जातच नाही. लहान झाली."

"खरंच जात न्हाई?"

"खरंच. गुंडाळून ठेवली कपाटात."

तिनं श्वास सोडलेला मला इतक्या लांबून ऐकू आला. "सुटले गं बाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन आला नाही.