परत ये, मग सांगते

हजला जायचं ठरलं, तसे आमचे अब्बा गावभर माफी मागत फिरायला लागले. आमच्यात ती रीतच आहे. अल्लाचा हक चुकला तर अल्ला माफ करील, त्याचं मन मोठं. पण माणसाचा हक बुडवला असेल, तर त्या माणसानंच माफ केलं पाहिजे. तिथं अल्लासुद्धा मध्ये पडत नाही, असं अब्बा सांगायचे.

अब्बा टेलर. गिऱ्हाइकांच्या दारात जाऊन म्हणायचे, "तुमच्या कापडाचा एखादा तुकडा न सांगता वापरला असंल, माफ करा." लोक हसायचे. कोडोलीचं एक गिऱ्हाईक तर दुकानातच ओरडलं, "मास्तर, तुमी शिवलेली बंडी अजून काखंत काचतीया. तेवढं सोडून सगळं माफ!" आणि मग त्यानंच अब्बांना मिठी मारली. शेजारच्या काकूंनी तर डोळ्याला पदर लावला.

एकच दार राहिलं होतं, आणि ते आमच्याच घराच्या मागं होतं. फुफीचं.

फुफी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. आजोबा लवकर गेलेले, म्हणून तिच्या लग्नात वकील अब्बाच होते. हा वकील कोर्टातला नव्हे. निकाहाच्या वेळी नवरीला 'कबूल आहे का' विचारायचं आणि तिचा शब्द बाहेर बसलेल्या काझीपर्यंत न्यायचा, हे त्याचं काम. अब्बा दोन साक्षीदार घेऊन आत गेले. विचारलं. फुफीनं ओढणीआडून मान आडवी हलवली. साक्षीदारांना वाटलं, पोर रडतीय. अब्बांना मात्र कळलं होतं. पण वऱ्हाड खोळंबलेलं, गडहिंग्लजचं घर खातंपितं, आणि चारचौघांत शोभा कशी करून घ्यायची? बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, "कबूल हाय."

नवरा मारायचा. आमच्या घरात हे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. तो मेल्यावर फुफी एक ट्रंक घेऊन एसटीनं कोल्हापूरला आली आणि आमच्या मागच्या खोलीत राहिली. दुकानातल्या शर्टांची काजं-बटणं करायची. अब्बांना जेवायला वाढायची, त्यांच्याशी बोलायची; पण त्या दिवसाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. मला हे सगळं अम्मीनं सांगितलं. ऐकून अब्बांचा असा संताप आला, की कितीतरी दिवस मी त्यांच्या ताटाकडंसुद्धा बघितलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अब्बा तिच्या दारात जाऊन उभे राहिले. मी फुफीच्याच खोलीत त्यांचं अंथरूण बांधत होते.

"तुझा शब्द मी खोटा नेला," अब्बा म्हणाले. "माफ कर. न्हायतर माझ्या हजला काय अर्थ न्हाय."

फुफीनं काजाचा दोरा दातानं तोडला. "आज आठवलं व्हय?"

"रोज आठवतंय."

फुफी सुईत नवा दोरा ओवायला लागली. मला एकीकडं वाटत होतं, म्हण बाई एकदा माफ, म्हातारं माणूस उभं आहे दारात. आणि दुसरीकडं, खरं सांगते, वाटत होतं, नको म्हण फुफी! एकदा तरी तुझं 'नको' ऐकू दे त्यांना!

शेवटी ती म्हणाली, "परत ये, मग सांगते." आणि जराशी हसली. "मी जन्मभर थांबले, तू एक हज थांब की."

अब्बाही हसले. हसली म्हणजे माफी मिळालीच, असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर ही गर्दी, हे हार! फुफीनं भडंगाचा डबा दिला आणि लांबूनच हात हलवला, जा, जा.

जहाज सुखरूप पोचल्याचं पत्र आलं. मग तार आली. हज पुरा झाला, पाठोपाठ ताप भरला, आणि अब्बा तिथंच गेले. तिथल्याच मातीत त्यांना पुरलं.

सगळी गल्ली म्हणायला लागली, "नशीबवान माणूस! असं मरण कुणाला मिळतं?" असल्या नशिबाला काय जाळायचंय? माझा बाप गेला होता.

फुफी रडली नाही. अब्बांच्या सोबतीनं गेलेले एक हाजी परतल्यावर भेटायला आले, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "शेवटी काय म्हणाला?"

त्या भल्या माणसाला वाटलं, तिला बरं वाटेल. "तुमचीच आठवण काढत होते. मला उठवा, बहिणीनं परत ये म्हटलंय, म्हणाले."

ते गेल्यावर फुफी माझ्याजवळ येऊन बसली. "मी माफ केलतं गं. तो दारात उभा होता तवाच केलतं. नुसतं जरा थांबवायचं हुतं त्याला."

"मग झालं की, फुफी. मनातलं अल्लाला कळतंय."

"अल्लाला कळलं गं. तेला कुठं कळलं?" तिनं माझ्यापुढं हात जोडले. "तू त्याची लेक. तू तरी मला माफ कर."

"केलं फुफी, केलं!" मी तिला घट्ट धरलं.

तिनं माझे हात हळूच सोडवले.

"तुझं नको गं पोरी. त्याचं पायजे."