मेघाचं जेल आणि माझं दही

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो, ते घरपोच येतात! आमच्याकडे ते डब्यातून येतात. सून मेघा सोलापुरातल्याच एका लॅबमध्ये पीएच.डी. करते. संध्याकाळी तिचा डबा रिकामा परत येतो खरा, पण मी तो घासायला घेईपर्यंत त्यातून एखादा किस्सा बाहेर पडलेला असतोच!

*

तिचा विषय हायड्रोजेल. जखमेवर लावायचं, जंतू मारणारं, पाण्यानं भरलेलं मऊ जेल. मी विचारलं, "मग ते ढवळून घट्ट करता का गं?"

"नाही आई. रेणू पाण्यात सोडले की आपोआप एकमेकांचे हात धरतात. कुणाला बोलवावं लागत नाही."

"म्हणजे आमच्या भजनी मंडळाच्या अगदी उलट!"

*

जंतू वाढवायला जे अगार लागतं, ते म्हणजे आपला पुडिंगमधला चायना ग्रास, हे कळल्यावर मी हबकलेच. "आधी जेवू घालायचं आणि मग मारायचं? पाप नाही का लागत?"

तिच्या लॅबमधला इरण्णा, दुधनीचा, आमच्याकडे जेवायला आला होता. म्हणाला, "पोटभर घालतो की काकू. पाव्हणे हैत!"

दुसऱ्या दिवशी मेघानं मोबाइलवर फोटो दाखवला. औषधाच्या थेंबाभोवती एक जंतू नाही, चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं! मी हरखून स्क्रीनलाच कुंकू लावलं.

*

जंतू मरत होते, पण जेल काही घट्ट होईना. वाहून जाणारं औषध जखमेवर टिकणार कसं? तिचे गाइड सर म्हणाले, "दिवाळीपर्यंत जमलं नाही, तर विषय बदलू." दोन वर्षांची मेहनत वाया! मेघा त्या दिवशी जेवलीच नाही.

मी देवापुढे बसले आणि दही सोडलं. शेंगाचटणीवर दही असल्याशिवाय माझी भाकरी घशाखाली उतरत नाही, हे अख्ख्या घराला ठाऊक. "तुझं जेल लागेपर्यंत माझ्या पानात दही नाही," मी तिला सांगून टाकलं.

ही बातमी लॅबमध्ये पोचली. तेव्हापासून सरसुद्धा विचारायला लागले, "काय, दही लागलं का?"

इरण्णा बाटली हलवून सांगायचा, "ताकच हाय सर!"

एकदा बाहेरून पाहणीला आलेल्या साहेबांनी हे ऐकलं. म्हणाले, "डेअरी विभाग इथंच का?"

*

जेल लागलं की नाही, हे बघायची परीक्षा अगदी सोपी. छोटी बाटली उलटी करायची. खाली पडलं तर नापास, बुडाला धरून राहिलं तर पास. लॅबच्या भाषेत 'उलटी करणं'! मला त्या शब्दाची सवय झाली होती. शेजारच्या पुष्पाताईंना नव्हती.

त्या दर गुरुवारी भजनाला आल्या की विचारायच्या, "लग्नाला तीन वर्षं झाली की हो, सुनेची काही गोड बातमी?"

"अजून पातळच आहे हो," मी आपली खरं ते सांगायची.

*

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी भजन आमच्याकडे होतं. माझे हात प्रसादाच्या शिऱ्यात. फोन वाजला, तो पुष्पाताईंनी स्पीकरवर टाकला.

"आई, उलटी केली! तीनदा केली!"

टाळ थांबले.

"पडलं नाही ना काही?" मी कढईपाशीच ओरडले.

"काही नाही! घट्ट धरलंय!"

मी रडतच देवापुढे डोकं टेकलं. बायकांनी गलका केला, पुष्पाताईंनी माझ्या तोंडात साखर कोंबली. मी सरळ फ्रीज उघडला आणि वाडगाभर दही उभ्याउभ्या संपवलं.

"बघा गं," मागून कुणीतरी म्हणालं, "दिवस सुनेला गेलेत आणि आंबट सासू खातेय!"

माझं कुठलं लक्ष! मी दह्यात होते.

संध्याकाळी मेघा आली, तर दारातच पुष्पाताई नारळ घेऊन ओटी भरायला उभ्या. तिला वाटलं, जेलचंच कौतुक. तिनं ओटी घेतली, वाकून नमस्कार केला, पर्समधून इवलीशी बाटली काढली आणि सगळ्यांसमोर उलटी धरली. जेल जागचं हललं नाही.

पुष्पाताईंनी गालावर बोट ठेवलं.

"अगं बाई! एवढ्यात बाटलीसुद्धा आणलीस?"