दादाचं रक्त आणि माझं बीट

माणसाचं भवितव्य त्याच्या रक्तात लिहिलेलं असतं. हे वाक्य मी धाराशिवच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर बसून बऱ्याच लोकांना ऐकवलं. त्यांचेही पेशंट आतच होते, त्यामुळे त्यांना उठून जायची सोय नव्हती.

येडशीजवळ माझ्या थोरल्या भावाची मोटारसायकल घसरली. हेल्मेट घरी खुंटीला सुरक्षित होतं. दादाच्या मेंदूला सूज आली. हाक मारली की डोळे उघडायचा, पण वहिनीकडंही परक्यासारखं बघायचा.

"मला वळखतील का ओ, भावजी?" वहिनी सारखी विचारायची.

डॉक्टर म्हणत, "वाट पाहू." मला ते अशास्त्रीय वाटे. मी मोबाईलवर एक लेख वाचला होता. डोक्याला मार लागला की मेंदूतली काही प्रथिनं रक्तात उतरतात, ती मोजून पेशंट कितपत सावरेल याचा अंदाज बांधता येतो. लेख अर्धाच वाचला होता, पण दुसऱ्याला समजावून सांगायला तेवढा पुरतो. मी मागे लागून दादाचं रक्त तपासणीला पुण्याला पाठवायला लावलं.

"पाठवू," डॉक्टर म्हणाले, "पण त्यानं उपचार बदलणार नाहीत."

लॅबमधून फोन आला. "कमी आहे, सर." पुढचं ऐकायला मी थांबलो नाही.

आमच्याकडं रक्तात काहीही कमी निघालं की त्यावरचा उपाय ठरलेला असतो. मी पडेल चेहऱ्यानं बातमी सांगितली आणि दुपारपासून भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा पिशवीत बीट घेऊन यायला लागला. वाशीची मावशी तर मिक्सर घेऊन आली. वहिनी डोळे पुसत बीट चिरत होती. तेवढ्यात डॉक्टर आले.

"कमी आहे तेच चांगलंय," ते म्हणाले. "ते प्रथिन मेंदूत राहावं, रक्तात नव्हे. हे बीट कशाला?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"भावजी," वहिनी म्हणाली, "फोन तरी पुरता ऐकत जावा."

"म्हणजे दादा नक्की बरा होणार?" मी विषय बदलला.

"हा अंदाज झाला. नक्की काय ते पेशंटच सांगेल."

केलेला रस वाया जाऊ नये म्हणून तो मी प्यायलो.

पुढं सूज उतरत गेली. एका सकाळी डॉक्टरांनी वहिनीकडं बोट करून दादाला विचारलं, "या कोण?"

दादा बराच वेळ बघत राहिला. "मालकीण आमची."

वहिनीनं पदर तोंडाला लावला.

"आणि हे?" मी शर्ट नीट करून पुढं झालो.

"ह्याला भाईर बसवा," दादा म्हणाला. "लई बोलतंय."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं: नातेवाइकांना अचूक ओळखतो.